संथ सिनेमा झेपतो का तुम्हाला? (दशावतार, साबर बोंडं, स्थळ वगैरे)

खिडकीतला_कावळा

मंडळी, आमच्याकडे सध्या घरात दोन पार्ट्या पडल्यात म्हणून हा धागा. मागच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून दशावतार बघितला, हाउसफुल, शिट्ट्या, टाळ्या, सगळे खूश. तोच उत्साह धरून मी या आठवड्यात साबर बोंडंची तिकिटं काढली. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात 2025 च्या जानेवारीत ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालाय, तिथे निवडला गेलेला पहिला मराठी सिनेमा, रोहन कानवडेचा पहिलाच पिक्चर, असं सगळं घरच्यांना ऐकवून नेलं. थेटरात आम्ही धरून वीसेक डोकी असतील. मेहुणा मध्यंतरात पॉपकॉर्न आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही, बाहेर सोफ्यावर रील बघत बसला होता. घरी येताना गाडीत म्हणे, अरे कॅमेरा ठेवून माणूस जेवायला गेला होता का, काही हलतच नव्हतं.

बायकोला आवडला. मला सुरुवातीला चुळबुळ झाली, मोबाईलकडे हात जात होता, पण नंतर कधीतरी ती थांबली. त्यात आनंद वडील गेले म्हणून मुंबईहून गावी येतो, दहा दिवस सुतक पाळायचं, पायात चपला नाहीत, हे खायचं नाही ते शिवायचं नाही, आणि येणारा जाणारा प्रत्येक नातेवाईक आधी सांत्वन करतो आणि मग दोन मिनिटांत लग्नाचा विषय काढतो. हे मी आमच्याकडे काका गेले तेव्हा अस्संच बघितलंय, म्हणजे रडणं एकीकडे आणि स्थळांची चौकशी एकीकडे, त्यामुळे मला त्यात 'काही घडत नाही' असं वाटलं नाही, उलट माझ्या डोक्यात बरंच काय काय चालू झालं.

तर प्रश्न असा की तुम्ही असले सिनेमे कसे बघता, नेमकं काय बघायचं असतं त्यात? आणि अलीकडे काय बघितलंत, कुठला आवडला, कुठला अर्धवट सोडला? फक्त 'तुला कळत नाही' असला सूर नको, मेहुण्याला हा धागा दाखवणार आहे.

मटारउसळ

मेहुण्याला सलाम. मी अख्खा बसलो पण जागा होतो असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सावंतवाडीकर_बाबू

दशावतारबद्दल आधी बोलतो कारण तो आमचो विषय. पिक्चर आला तेव्हा दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे होते हो, जन्म 1944 चा, आणि त्या वयात हा माणूस जंगलात, पाण्यात, मेकअपमध्ये जे काय करतोय ते बघून आमच्या शेजारचे काका रडायला लागले. काकांनी स्वतः तरुणपणी दशावतारी नाटक कंपनीत काम केलंय. प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पेटाऱ्यावर बसून आरसा धरून स्वतःचं तोंड रंगवतो ना, ते अगदी बरोबर, दशावतारात कोणी मेकअपमन येत नाही, ज्याचं त्याने रंगवायचं. नाटकाची लिखित संहिता पण नसते, आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे. रात्रभर राजा म्हणून मिरवायचं आणि उजाडलं की सगळं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेला. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा नि सकाळी डोक्यार बोजा. पिक्चरमध्ये बापाने हे सोडून द्यावं म्हणून मुलगा मागे लागलेला असतो, ते घराघरातलं आहे आमच्याकडे.

आता तक्रार. उत्तरार्धात मायनिंगवाले व्हिलन आले की सगळं सरधोपट होतं, खाणवाला आला की बॅकग्राउंडला ढॅण ढॅण. खाणीचा प्रश्न आमच्याकडे खरा आहे, गावं दोन बाजूंना झालीत, एकाच घरात एक भाऊ विरोधात आणि दुसऱ्याचे ट्रक, इतकं गुंतागुंतीचं आहे ते. त्यातलं काही आलं असतं तर मजा आली असती. आणि काही कलाकारांची मालवणी म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असा' लावला की झालं. तरी पण मी दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा आईला घेऊन जाणार. साबर बोंडं आमच्या इथे लागलाच नाही त्यामुळे त्यावर गप्प.

लांबलचक_शॉट

चांगला विषय. 'काय बघायचं असतं' याचं उत्तर मी 'कोर्ट' या सिनेमावरून देतो, कारण माझी पण सुरुवात तिथूनच झाली आणि तेव्हा मी पण वैतागलो होतो.

कोर्ट 2014 ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गेला, तिथे दोन पुरस्कार, मग आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, भारताची ऑस्करची एन्ट्री, हे सगळं ठीक. गोष्ट काय, तर एका शाहिरावर खटला, की तुझं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. आता दुसरा कोणी असता तर त्याने वकिलांची जुगलबंदी लावली असती, टेबलावर हात आपटले असते. चैतन्य ताम्हाणे काय करतो, कॅमेरा मागच्या बाकावर बसवून देतो. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय) कायद्याची कलमं एका सुरात वाचत जातात, न्यायाधीश टायपिस्टला सांगतात लिहा, तारीख पडते. कंटाळा येतो ना? तो येणारच आहे. त्या शाहिराचं आयुष्य असंच तारखा तारखांत जातंय आणि दिग्दर्शकाने तो वेळ कापून तुमची सुटका केली नाही.

मग त्याच वकीलबाई लोकलमध्ये बसून साडीबद्दल आणि ऑलिव्ह ऑइलबद्दल गप्पा मारतात, पोराला पाळणाघरातून उचलतात, घरी येऊन स्वयंपाक करतात, रविवारी सगळं घर नाटकाला जातं. तिथे परप्रांतीयांवरच्या विनोदाला अख्खं नाट्यगृह टाळ्या पिटतं आणि कॅमेरा शांतपणे बघत राहतो. बाई वाईट नाहीत. आपल्यासारख्याच आहेत. हे समजायला मला त्या स्वयंपाकाच्या सीनची गरज होती, तो कापला असता तर मी त्यांना खलनायिका ठरवून मोकळा झालो असतो.

आणि शेवटी शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा. आमच्या थेटरात लोक उठून निघाले, पिक्चर संपला समजून. अजून अख्खा एक भाग बाकी होता, न्यायाधीशमहाराजांच्या सहलीचा, आणि खरी चपराक तिथेच आहे (शब्दशः). ज्यांनी तेव्हा थेटर सोडलं त्यांनी वेगळाच सिनेमा बघितला.

साबर बोंडंमध्ये पण हेच बघा, पार्श्वसंगीत नाहीच. सुतकाच्या घरात काय वाजणार? कुठे बकऱ्या, कुठे भांडी. मुद्दाम कान देऊन बघा, डोळ्यांपेक्षा जास्त काम कानाला आहे.

मटारउसळ

सर, तास संपला का? (गंमत करतोय, कोर्टचं पटलं.)

आडवातिडवा

मला नाही पटलं. 'कंटाळा येणारच आहे' हे फार सोयीस्कर उत्तर आहे. म्हणजे पिक्चर रंगला तर दिग्दर्शक ग्रेट आणि नाही रंगला तर तो पण दिग्दर्शकाचा हेतू. मग फसलेला संथ सिनेमा ओळखायचा कसा? मी गेली काही वर्षं महोत्सवात बघतोय, एक ठरलेला साचा झालाय, गाव, म्हातारी, शेळी, खिडकीतून येणारा उजेड, दोन माणसं एकमेकांकडे न बघता बसलेली. परदेशी ज्युरीला आवडतं. आपली गरिबी, आपला बाप मेलेला, आपलं सुतक, तिकडे नेऊन दाखवा आणि बक्षीस घेऊन या.

याउलट 'आता थांबायचं नाय' हा पिक्चर बघा. 2025 च्या महाराष्ट्र दिनाला आला. महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी पास होतात, खऱ्या घटनेवरून घेतलंय. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, ओम भुतकर. कामगारवर्ग तोच, गटारं तीच, जे कोर्टमध्ये आहेत. पण माझ्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या दादांनी तो पोरांसकट बघितला आणि दुसऱ्या दिवशी मला सीन सांगत होते. कोर्ट त्यांनी बघितलाय का? कुणासाठी बनवला मग तो?

लांबलचक_शॉट

आडवातिडवा, प्रश्न रास्त आहे आणि थांबायचं नाय मला पण आवडला, रडलो सुद्धा. पण त्यात शेवटी निकाल लागतो आणि आपण डोळे पुसून बाहेर पडतो, निश्चिंत. दुसऱ्या दिवशी ते दादा परत त्याच गाडीवर असतात. कोर्ट निश्चिंत करत नाही. दोन्ही हवेत. आणि 'परदेशी ज्युरीसाठी' म्हणताना हे लक्षात घ्या की कोर्टमधला शाहीर झालेले वीरा साथीदार हे खरोखरच चळवळीतले कार्यकर्ते होते, 2021 ला कोविडने गेले. त्यांना घेऊन केलेला सिनेमा फक्त युरोपासाठी बनवला म्हणणं जरा अतीच.

फसलेला संथ सिनेमा कसा ओळखायचा तर माझा हिशोब साधा आहे. शॉट जितका वेळ थांबतो तितका वेळ मला त्यात नवं काही दिसत राहतंय का. दिसत असेल तर चालू दे. नसेल तर तो फक्त ताणलाय. असे ताणलेले मी पण भरपूर बघितलेत, नावं घेत नाही, पुरस्कारवाले पण आहेत त्यात.

चांद्याचा_पोट्टा

एवढं सगळं चाललंय अन् स्थळचं नाव फक्त धाग्याच्या डोक्यावर, खाली कोणी बोलूनच नाही राहिलं. मी सांगतो मग. जयंत सोमलकरचा पिक्चर, 2025 च्या मार्चमध्ये महिला दिनाच्या तोंडावर आला होता, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट झाला, कलाकार बहुतेक तिकडचेच, कधी कॅमेऱ्यासमोर उभे न राहिलेले. नंदिनी चिकटे जी सविता झाली ती तर अशी बसते का वाटते आपल्या मोठ्या काकाची पोरगी आहे.

पिक्चर एकच गोष्ट परत परत दाखवतो. पाहुणे येतात, सविता समोर बसते, नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय, शेतात काम करता का. मग पाहुणे जातात, मग निरोप, पोरगी काळी आहे, पोरगी ठेंगणी आहे. मग पुढचे पाहुणे. तेच घर, तेच पोहे, तेच प्रश्न, फक्त विचारणारे बदलतात. पोरगी बीए शेवटच्या वर्षाला आहे, एमपीएससी द्यायची आहे, कॉलेजात स्त्री सक्षमीकरणाचा धडा चालू आहे अन् घरून फोन येतो का लवकर ये पाहुणे येऊन राहिले.

आता हे संथ आहे का तर हो आहे. पण माझ्या दोन बहिणींचे कार्यक्रम मी बघितलेत, पाहुण्यांना पाणी न्यायचं काम माझंच असायचं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, उलट पोहे उरतील का याच्यावर लक्ष राहायचं. पिक्चरमध्ये तिसऱ्या का चौथ्या पाहुण्यांच्या वेळेस मी खुर्चीत अस्वस्थ झालो, का आता परत तेच विचारणार, नको ना बे. एकदाच दाखवून सोडलं असतं तर हसून विसरलो असतो. अन् बापाचं पण बघा, कापसाला भाव नाही, हुंड्याचा आकडा समोर, तो काही वाईट माणूस नाही, पण त्याचा पण जीव टांगणीला. आमच्याकडे कापूस विकून लग्न अन् लग्नाच्या भीतीने कापूस पडत्या भावात, हे चक्र ज्याने बघितलं त्याला समजते.

मोठी बहीण माझ्यासोबत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली का माझ्या वेळेस एकाने चालून दाखव म्हटलं होतं, तुला आठवते का. मला आठवत नव्हतं.

टोरंटोची_वहिनी

चांद्याचा_पोट्टा, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

मी स्थळ 2023 मध्ये इथे टोरंटोच्या फेस्टिवलला बघितला होता, त्याला तिथे नेटपॅक अवॉर्ड (आशियाई सिनेमांसाठी असतं ते) पण मिळालं. सुरुवात आठवतेय ना, उलटा कार्यक्रम, मुलगी आणि सगळ्या बायका मिळून मुलगा बघायला जातात, बायका ऐसपैस बसल्यात आणि मुलगा बिचारा मान खाली घालून उत्तरं देतोय. अख्खं थेटर खळखळून हसलं, गोरे-काळे सगळे. मग खरा कार्यक्रम सुरू झाला, सेम प्रश्न, त्याला पण हसले लोक, थोडे कमी. दुसऱ्या वेळेला अजून कमी. नंतर नंतर कोणी हसेना. माझ्या शेजारची चिनी बाई मला हळूच विचारते, तुमच्याकडे अजून असं होतं? म्हटलं माझं असंच झालं, फक्त पुण्यात आणि सोफ्यावर. मग ती म्हणाली की तिच्या आजीचं पण. आडवातिडवा यांच्या मुद्द्याबद्दल एवढंच, की बाहेरचे लोक बघतात म्हणजे कायम आपली गरिबी बघायलाच येतात असं नसतं, कधी कधी त्यांची आजी पण दिसते त्यांना.

बाकी मी अलीकडे परत बघितलेला म्हणजे ऑल वी इमॅजिन ॲज लाइट. छाया कदमची पार्वती काय आहे! नवरा गेला, चाळीतल्या खोलीचे कागद नाहीत, बिल्डर दारात, आणि ती बाई रडत बसत नाही, रात्री जाऊन त्या टॉवरच्या होर्डिंगला दगड मारते आणि हसते. तो भाग मी रिवाइंड करून करून बघितला. त्याची दिग्दर्शक पायल कपाडिया, तिला कान महोत्सवात ग्रांप्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळालं 2024 ला आणि आपण ऑस्करला दुसराच पाठवला, त्याचा राग अजून आहे.

आडवातिडवा

वहिनी, आजीचा मुद्दा मान्य. दगडाचा सीन मला पण आवडला होता, तो संथ नाहीये पण.

दुपारची_झोप

आयडी बघून हसू नका, मी या सिनेमांच्या बाजूची आहे. कारण जरा घरगुती आहे. माझ्या सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, आता चौथं वर्ष असेल, त्यांच्यासोबत दिवसभर मी असते आणि आमच्या घरात कुठलीच गोष्ट लवकर होत नाही, एक चहाचा कप संपायला अर्धा तास, मध्येच त्या विचारतात तू कोण, मग मी सांगते, मग परत चहा, तो गार झालेला असतो, परत गरम करायचा. मी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा अस्तु बघितला, बराच जुना आहे, डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित असतात आणि स्मृती जात चाललेली असते, आणि मुलगी गाडीतून जरा उतरते तेवढ्यात ते रस्त्याने चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. मग मुलगी त्यांना शोधत फिरते आणि इकडे ते माहुताच्या कुटुंबात. त्या माहुताच्या बायकोला (अमृता सुभाष) त्यांची भाषा पण नीट येत नाही पण ती त्यांना लहान मुलासारखं जेवायला घालते, काही प्रश्न नाही, चिडचिड नाही. मी तो सीन बघून स्वयंपाकघरात जाऊन रडले कारण मी त्या दिवशी चहावरून ओरडले होते.

तर मला वाटतं की संथ कुणाला वाटतं हे तुमच्या घरात दिवस कसा जातो त्याच्यावर आहे. ज्याला दिवसभर लोकल, टार्गेट, फोन आहेत त्याने शनिवारी रात्री दशावतार बघितला तर काय चुकलं. मी स्वतः वाळवी तीनदा बघितलाय, परेश मोकाशीने काय पळवलंय सगळ्यांना, आणि शेवट तर! त्याला पण राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच की, म्हणजे पुरस्कार मिळाला म्हणजे झोप येणारच असं काही नाही.

सावंतवाडीकर_बाबू

अस्तु अमृता सुभाषने खाल्लाय अक्षरशः. तिचा 2025 चा जारण बघितला का कोणी? भीतीचा म्हणून गेलो आणि डोकं फिरवून आलो, आता शेवटावर बायकोशी वाद चालू आहे की खरं काय होतं.

मटारउसळ

जारणच्या शेवटावर वेगळा धागा काढा, इथे फोडू नका, माझा राहिलाय.

खिडकीतला_कावळा

वा, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मेहुण्याने वाचला धागा. त्याला चांद्याचा_पोट्टा आणि दुपारची_झोप यांचं आवडलं, लांबलचक_शॉट यांचं 'मोठं आहे, नंतर वाचतो' म्हणाला. आडवातिडवा त्याचा नवा हिरो. एक मात्र आहे, साबर बोंडंबद्दल त्याला खरं काय खटकलं ते काल जेवताना बाहेर आलं. दोन पुरुषांचं प्रेम आहे हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यामुळे त्यालाच ऑकवर्ड झालं. सासूबाईंना काही झालं नाही. त्या म्हणाल्या, आई किती शहाणी दाखवलीय पोराची, सगळं माहीत असून एक शब्दाने टोचत नाही. आणि आनंदचा गावातला मित्र बाल्या काटे काढून ती बोंडं (निवडुंगाची फळं) आणतो ना त्याच्यासाठी, तेव्हा त्या म्हणे आमच्या गावाला पण बांधावर होती ही, खाल्ली की जीभ लाल. म्हणजे संथ-बिंथ सगळं नंतर, मूळ गोष्ट वेगळीच होती.

आता कृपया सांगा, मेहुण्याला पुढचा कुठला दाखवू. फार छळ नको.

लांबलचक_शॉट

ताम्हाणेचाच द डिसायपल अजिबात दाखवू नका आत्ता. मला स्वतःला कोर्टपेक्षा जास्त आवडतो, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर गाणं शिकणारा शरद बाईक चालवत आपल्या गुरूंच्या गुरू माईंच्या टेप ऐकतो ते (आवाज सुमित्रा भावेंचा, काय आवाज), पण शास्त्रीय संगीताची थोडीफार ओढ नसेल तर दोन तास अवघड जातात.

किल्ला दाखवा. अविनाश अरुणचा. वडील गेलेला मुलगा, आईची बदली, कोकणातलं गाव, नवी पोरं, खेकडे पकडणं, सायकलची शर्यत, आणि तो पार्थ भालेराव बंड्या म्हणून जे काय करतो त्याला मेहुणे नक्की हसतील. संथ आहे पण कळत नाही. पोरं त्याला किल्ल्यावर सोडून जातात आणि वर पाऊस, तिथपर्यंत आले की उठणार नाहीत. बर्लिनला लहान मुलांच्या ज्युरीने बक्षीस दिलंय त्याला, तेव्हा अगदी जड असेल अशी भीती नको.

चांद्याचा_पोट्टा

किल्ला नाहीतर फँड्री. शाळेत राष्ट्रगीत लागते अन् डुकरं पकडणारे जब्याच्या घरचे सगळे डुकराच्या मागे धावता धावता जागच्या जागी उभे, डुक्कर पळून चाललंय समोरून, तो सीन बघून कोणी म्हणून दाखवावं का काही घडत नाही. अन् शेवट तर

मटारउसळ

थांबा थांबा, फँड्रीचा शेवट सांगू नका, तो पण राहिलाय माझा.

आडवातिडवा

अहो 2014 चा पिक्चर आहे तो. अकरा वर्षं काय करत होतात?

मटारउसळ

आयडी वाचा. उसळ करत होतो.